आत फोम भरला तर? गाडीच्या पुढच्या दोन नळ्यांची गोष्ट

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले जास्तीचे 'म्हणजे' आणि 'तर' काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा. स्वतः गाडी चालवत असाल तर आधी सीटबेल्ट लावा, कारण आजचा विषय तुमच्या गाडीच्या बंपरमागेच लपलेला आहे.

गोष्ट सुरू होते माझ्या मामापासून. मामा कराडला असतो. वीज मंडळातून वायरमन म्हणून रिटायर झाला आणि आयुष्यातली पहिली नवी कोरी गाडी घेतली. दिवाळीच्या आधी सर्व्हिस रोडवर पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला आणि मामाची गाडी जाऊन त्याला धडकली. वेग फार नव्हता, कुणाला खरचटलंही नाही. पण बंपर गेला, एक दिवा गेला, आणि बंपरच्या मागे डाव्या बाजूला जी चौकोनी नळी असते ती पार चुरगळली.

मामाचा फोन आला. "अगं, ही गाडी आहे की बिस्किटाचा डबा? एवढ्याशा धक्क्याला आतलं लोखंड चेपलं! मेकॅनिक म्हणतोय, नवा पार्ट यायला आठवडा लागेल, पैसेही जास्त. त्यापेक्षा तो त्या जागी जाड पाइप वेल्ड करून देतोय. वर पुढून गार्डपण टाकतो म्हणाला. परत जन्मात दबणार नाही."

मी म्हटलं, "मामा, थांब. काहीही वेल्ड करू नकोस. मी शनिवारी येते."

"तू येऊन काय करणार? तू तर कम्प्युटरवाली!"

आता हे खरंय. गेली पाच वर्षं मी पुण्यात बसून कोड लिहितेय. पण माझं बीटेक मेकॅनिकलचं आहे, आणि आमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट नेमका याच नळीवर होता. धातूच्या नळीत फोम भरला आणि ती उभी दाबली, तर ती किती ऊर्जा पोटात घेते? तेव्हा वाटायचं, मार्कांपुरतं करतोय. मामाच्या फोननंतर जुनी फाइल उघडून बसले.

आधी रिकाम्या नळीचं बघू.

समजा गाडीचं वजन १२०० किलो आहे आणि वेग ताशी ५० किलोमीटर. तिच्याकडे साधारण ११६ किलोजूल गतिज ऊर्जा आहे. गाडी भिंतीवर आदळली की ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. ती गायब होत नाही. प्रश्न एवढाच की ती कुठे जाते, आणि किती अंतरात.

गाडीचं नाक ६० सेंटिमीटर दबत दबत थांबलं, तर आतल्या माणसाला सरासरी त्याच्या वजनाच्या सोळा-सतरा पट झटका बसतो. भयंकर वाटतं, पण सीटबेल्ट आणि एअरबॅग असतील तर माणूस यातून वाचू शकतो. आता तीच गाडी इतकी कडक केली की ती फक्त १० सेंटिमीटर दबते. झटका होतो जवळजवळ शंभर पट. गाडी छान दिसेल. आतल्या माणसाचं काय होईल ते मी सांगायला नको.

म्हणून "जुन्या गाड्या कशा लोखंडी होत्या, आताच्या नुसत्या पत्र्याच्या" हे वाक्य ऐकलं की मला घाम फुटतो. मर्सिडीझमधल्या बेला बारेनी या इंजिनिअरने १९५१ मध्येच पेटंटसाठी अर्ज केला होता. त्याची कल्पना अशी, की माणसं बसतात तो मधला भाग कडक ठेवायचा आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम दबणारा करायचा. १९५९ मध्ये ती कल्पना रस्त्यावरच्या गाडीत आली. आज प्रत्येक गाडीचं नाक असंच बनतं.

त्या नाकात सगळ्यात पुढे, बंपरच्या आडव्या पट्टीमागे, दोन छोट्या नळ्या असतात. डावीकडे एक, उजवीकडे एक. त्यांना म्हणतात क्रॅश बॉक्स. त्यांच्या मागे इंजिनच्या दोन्ही बाजूंनी जाणारे लांब दांडे. आदळल्यावर आधी क्रॅश बॉक्स दबायचे, मग दांडे, आणि माणसांची केबिन शक्यतो नाहीच. ही रांग लक्षात ठेवा, आपण परत तिच्याकडे येणार आहोत.

आता ही नळी दबते कशी? घरी कोल्ड्रिंकचा रिकामा अ‍ॅल्युमिनिअमचा कॅन असेल तर त्यावर अलगद उभं राहून बघा. भिंतीला धरून, पडू नका! कॅन बराच भार सहन करतो. मग कुणालातरी सांगा, बाजूला नुसतं बोट लाव. फट्! एका क्षणात खाली. यातून दोन गोष्टी कळतात. एक, पहिली घडी पडायला सगळ्यात जास्त बल लागतं. दोन, एक छोटासा पोचा ते बल धाडकन कमी करतो.

गाडी बनवणारे दुसऱ्या गोष्टीचा फायदा घेतात. क्रॅश बॉक्स नीट बघितलात तर त्यावर मुद्दाम काढलेल्या खाचा किंवा दबलेल्या रेघा दिसतील. तो जाणूनबुजून ठेवलेला कच्चेपणा आहे. पहिली घडी तिथूनच पडावी, आणि पहिला झटका मागच्या दांड्यांना झेपेल एवढाच असावा, म्हणून.

एकदा पहिली घडी पडली की पुढच्या घड्या साडीच्या निऱ्यांसारख्या एकावर एक येत जातात. चौकोनी नळीत समोरासमोरच्या दोन भिंती आत जातात, उरलेल्या दोन बाहेर येतात, पुढच्या घडीला उलटं. प्रत्येक घडीच्या दुमडीवर धातू कायमचा वाकतो आणि वाकताना ऊर्जा खातो. जितक्या दुमडी जास्त, तितकी ऊर्जा जास्त. आणि हो, एकदा खाल्लेली ऊर्जा नळी स्प्रिंगसारखी परत देत नाही. तेच तर हवंय आपल्याला.

आता फोम.

फोम म्हटलं की गादी आठवते, पण अ‍ॅल्युमिनिअमचाही फोम असतो. एक पद्धत अशी, की वितळलेल्या अ‍ॅल्युमिनिअममध्ये कॅल्शिअम घालून ते जरा दाट करायचं आणि मग टायटॅनिअम हायड्राइडची पूड टाकायची. उष्णतेने तिच्यातून हायड्रोजन सुटतो, बुडबुडे होतात, आणि थंड झालं की आंबोळीला पडते तशी जाळी धातूतच पडते. असा फोम पाण्यावर तरंगतो. अ‍ॅल्युमिनिअम, आणि पाण्यावर तरंगतंय!

त्याची खरी गंमत दाबल्यावर कळते. सुरुवातीला थोडं बल वाढतं, मग आतल्या कप्प्यांचे थर एकेक करून बसत जातात आणि बल बराच वेळ जवळपास तेवढंच राहतं. शेवटी सगळे कप्पे मिटले की ते अचानक वर उसळतं. मुंबईची लोकल आठवा. "आत सरका, आत सरका" म्हटलं की गर्दी सरकत राहते, सरकत राहते, आणि एका क्षणी एक माणूससुद्धा आत जाऊ शकत नाही. तसंच.

प्रोजेक्टमध्ये आम्हाला अ‍ॅल्युमिनिअमचा फोम परवडणारा नव्हता. आम्ही अ‍ॅल्युमिनिअमच्या चौकोनी नळ्यांमध्ये पॉलियुरेथेनचा फोम ओतला आणि लॅबच्या मशिनमध्ये सावकाश चिरडल्या. एक रिकामी नळी, एक नुसता फोमचा ठोकळा, एक भरलेली नळी. आम्हाला वाटलं होतं, भरलेल्या नळीचं बल म्हणजे नळी अधिक फोम. साधी बेरीज. पण भरलेल्या नळीची रेघ स्क्रीनवर बेरजेच्याही वर गेली.

सरांनी विचारलं, "हे जास्तीचं कुठून आलं?"

आम्ही गप्प. मग कापलेल्या नळ्या शेजारी ठेवून बघितल्या आणि उत्तर डोळ्यांसमोर होतं. रिकाम्या नळीच्या घड्या मोठ्या आणि मोजक्या होत्या. भरलेल्या नळीच्या बारीक आणि जास्त. कारण आत फोम असल्याने भिंतीला आत पडायला जागाच मिळत नाही. ती थोडी आत जाते, अडते, आणि लगेच पुढची घडी सुरू होते. तेवढ्याच लांबीत जास्त दुमडी. शिवाय भिंत आत घुसताना जवळचा फोमही नुसत्या ठोकळ्यापेक्षा जास्त चेपला जातो. दोघं एकमेकांकडून जास्त काम करून घेतात.

नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममधल्या हान्सेन, लांगसेथ आणि हॉप्परस्टाड यांनी २००० साली अ‍ॅल्युमिनिअमच्या चौकोनी नळ्या अ‍ॅल्युमिनिअमच्याच फोमने भरून यावर मोठं काम केलं आणि एक सूत्र दिलं. सूत्राला तीन तुकडे: नळीचा वाटा, फोमचा वाटा, आणि दोघांच्या भांडणाचा वाटा. मी ते कोडमध्ये टाकून एक उदाहरण काढलं. ८० मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड भिंतीची मध्यम ताकदीची नळी, आत हलका फोम. रिकामी नळी सरासरी पावणेतीन टनांच्या वजनाएवढं बल देते. फोम एकटा सव्वा टनाच्या आसपास. बेरीज चार टनांच्या आत. पण भरलेली नळी देते सव्वापाच टनांच्या वर! फोमच्या स्वतःच्या वाट्यापेक्षा त्या भांडणाचा वाटा मोठा निघाला.

आम्ही खूश. पेटंट घ्यायचंच बाकी होतं. तेवढ्यात सरांचा दुसरा प्रश्न आला. "आणि वजन?"

मंडळी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. इन्स्टाग्रामवरच्या रीलमध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही.

वरच्याच उदाहरणात एक फूट लांबीची रिकामी नळी अर्ध्या किलोची आहे. फोम भरला की ती साधारण ९३० ग्रॅमची होते. आता फोम बाजूला ठेवा आणि नळीची भिंत २ ची ३ मिलिमीटर करा. बल सव्वापाच टनांच्या आसपासच जातं, आणि वजन फक्त ७५० ग्रॅम. कारण भिंतीची जाडी दीडपट केली की बल दीडपट होत नाही, जवळपास दुप्पट होतं. शिवाय रिकामी नळी तिच्या लांबीच्या सत्तर-पंचाहत्तर टक्के दबू शकते. भरलेल्या नळीत फोमची लोकल आधीच भरते, म्हणून ती साधारण साठ-पासष्ट टक्क्यांवर अडते आणि बल वर उसळतं.

म्हणजे सरळ समोरून दाबायचं असेल, तर फोमवाली नळी हुशारीने डिझाइन केली नाही तर जाड नळीसमोर हरते. फोम महाग, तो वेगळं. म्हणूनच आज बहुतेक गाड्यांच्या क्रॅश बॉक्समध्ये आत हवाच असते.

मग फोम फुकट गेला का? नाही. खऱ्या अपघातात कुणी नळीला लॅबसारखं सरळ उभं दाबत नाही. धक्का तिरका येतो, गाडीच्या एका कोपऱ्यावर येतो, बाजूने येतो. अशा वेळी नळीच्या निऱ्या पडतच नाहीत, ती मधेच मोडते. बागेत पाण्याची रबरी नळी वाकवली की एका जागी चपटी होते ना, तसं. एकदा ती जागा चपटी झाली की नळीत जोरच उरत नाही. तिथे आत फोम असेल तर भिंत आत बसत नाही, नळीचा आकार टिकतो आणि ती वाकताना शेवटपर्यंत प्रतिकार करते. यासाठी पूर्ण नळी भरायचीही गरज नाही, जिथे मोडणार तिथे एक तुकडा पुरतो. काही गाड्यांच्या दाराजवळच्या खांबांत असे एपॉक्सी फोमचे तुकडे बसवतात. रंग भाजायच्या भट्टीत गाडी जाते तेव्हा तो फोम फुगतो आणि पोकळीत घट्ट बसतो.

आता परत मामाकडे.

शनिवारी कराडला पोचले. मामा, मेकॅनिकदादा आणि मी, तिघं गाडीसमोर उभे. मेकॅनिकदादा वाईट माणूस नव्हते. त्यांनी जाड पाइप कापून तयारच ठेवला होता. मला म्हणाले, "ताई, हा पाइप ट्रकच्या खाली टाकला तरी वाकणार नाही."

मी म्हटलं, "दादा, अडचण तीच आहे."

मग मी त्यांना ती रांग सांगितली. आधी क्रॅश बॉक्स, मग दांडे, मग केबिन. क्रॅश बॉक्सचं बल मागच्या दांड्याच्या ताकदीपेक्षा कमी असावं लागतं. आमच्या प्रोजेक्टमध्येही हाच धडा होता: फोम जास्त घट्ट भरला तर पुढची नळी हट्टी होते, ती दबत नाही, आणि तिच्यामागचं काहीतरी मोडतं. इथे तर पाइपच टाकायचा चालला होता. पुढचा धक्का थेट दांड्यावर. दांडा भलत्याच जागी वाकणार. आणि पुढे लोखंडी गार्ड लावला की धक्का गाडीत कसा पोचतो तेच बदलतं, त्यामुळे एअरबॅग कधी उघडायची याचा हिशोब चुकू शकतो. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं, ते उगाच नाही.

मामा ऐकत होता, पण चेहऱ्यावर "हिला काय कळतंय" होतंच. तो म्हणाला, "अगं पण जाड ते मजबूत ना?"

मी विचारलं, "मामा, नोकरीत असताना लोकांच्या घरचे फ्यूज बघायचास ना? सारखा फ्यूज उडतोय म्हणून लोक काय करायचे?"

मामा लगेच सुरू झाला. "काय करायचे? जाड तार घालायचे! एकाने तर खिळा बसवला होता. फ्यूज उडायचा बंद झाला, आणि एक दिवस आतली सगळी वायरिंग..." आणि तो मधेच थांबला. चेपलेल्या नळीकडे बघितलं, हातातल्या पाइपकडे बघितलं.

"म्हणजे ही नळी फ्यूज आहे?"

"हो. आणि ती उडाली म्हणून तू इथे उभा आहेस, आणि मागचा दांडा सरळ आहे."

मेकॅनिकदादांनी टेप लावून दांडा मोजला. खरंच सरळ होता. मग त्यांनीच विचारलं, "मग जुनीच ठोकून सरळ केली तर?" तेही चालत नाही. घडी पडलेल्या जागी धातू कडक झालेला असतो, बारीक चिरा असू शकतात. पुढच्या वेळी निऱ्या पडतीलच, आणि ठरलेल्या जागीच पडतील, याची खात्री राहत नाही. उडालेली फ्यूजची तार कुणी पिळून परत लावतं का?

पार्ट मागवला. आठवड्याऐवजी बारा दिवस लागले आणि मामाने मला रोज एक मेसेज करून त्याची आठवण दिली. पण गार्ड नाही, पाइप नाही.

जाता जाता तुमच्यासाठी तीन कामं.

एक. गाडी पुढून ठोकली गेली असेल, तर दुरुस्तीनंतर विचारा की बंपरमागचा क्रॅश बॉक्स बदलला की सरळ केला. जुना चेपलेला भाग दाखवायला सांगा, मोबाइलवर फोटो काढा. बंपर नवा दिसला म्हणजे आतलं नवं आहे असं नाही.

दोन. सेकंड हँड गाडी घेताना बॉनेट उघडून टॉर्च लावा आणि दोन्ही बाजूंच्या नळ्या एकमेकींशी ताडून बघा. खाचा दोन्हीकडे सारख्या आहेत का? हाताने केलेलं वेल्डिंग दिसतंय का?

तीन. भारत एनकॅपच्या चाचण्या १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाल्या आहेत. त्यांचे व्हिडिओ बघाल तेव्हा समोरच्या अडथळ्याकडे नीट बघा. ताशी ६४ किलोमीटरने गाडीचा ४० टक्के भाग ज्यावर आदळतो, त्या अडथळ्याचं तोंड मधमाशांच्या पोळ्यासारख्या अ‍ॅल्युमिनिअमच्या जाळीचं असतं. तीही आपल्या फोमची चुलत बहीण, समोरून येणाऱ्या गाडीचं नाक असल्यासारखी दबणारी. मग नजर केबिनवर ठेवा. नाक कितीही चुरगळू दे. दाराची चौकट सरळ राहिली का, ते बघा.

तुमच्या घरी कुणी गार्ड लावायचा विचार करत असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. ऐकणार नाहीत म्हणता? मग फ्यूजची गोष्ट सांगा. आमच्याकडे चालली.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत बेल्ट लावा, मागे बसलात तरीही. मामाने आता लावायला सुरुवात केलीय, आणि मागे बसलेल्या मामीला रोज फ्यूजवर लेक्चर देतोय. त्याबद्दल मामी, सॉरी!